दोन निळे सायलेन्सर

मे महिन्यात आमच्या धरणगावात जवळजवळ प्रत्येक वस्तूचा रंग बदलतो. पारा 44-45ला टेकला की अंगणातली तुळस पिवळी पडते, पोस्टमन काळा पडतो, कॅशियर लाल होतो (बँकेतल्या एकुलत्या एका कूलरचं तोंड मॅनेजरच्या केबिनकडे असतं), आणि दोरीवर वाळत घातलेल्या निळ्या चादरी पांढऱ्या होतात. पण उन्हाळ्यानं एखादी पांढरी वस्तू निळी केल्याचं मी कधी ऐकलं नव्हतं. तो मान आमच्या यझदीला मिळायचा होता.

यझदी ही मोटारसायकल आहे. हे सांगायचं कारण असं की आमच्या शाखेत नव्याने लागलेल्या मुलाला मी "आज यझदी आणली आहे" म्हटलं, तर त्याने "कुठल्या दुकानातून?" म्हणून विचारलं. त्याला बहुधा फरसाणाचा प्रकार वाटला असावा. म्हैसूरच्या आयडियल जावा कंपनीने आधी जावा आणि मग यझदी या नावाने काढलेल्या या गाडीचं उत्पादन 1996 साली थांबलं. 2022 साली यझदी हे नाव बाजारात परत आलं, पण ती गाडी वेगळी. आमची 1983ची. अण्णांनी, म्हणजे माझ्या वडिलांनी घेतलेली.

या गाडीत दोन गोष्टी अशा आहेत की पाहणाऱ्याला तिच्या रचनाकाराबद्दल एकाच वेळी आदर आणि काळजी वाटावी. पहिली म्हणजे किक आणि गिअर यांना मिळून एकच दांडी. लाथ तिलाच मारायची आणि गाडी सुरू झाली की काम पण तिच्याकडूनच करून घ्यायचं. बँकेत एकवीस वर्षं नोकरी झाल्यामुळे मला या दांडीबद्दल पहिल्यापासून आपुलकी आहे. दुसरी गोष्ट म्हणजे दोन सायलेन्सर. सिलिंडर एकच, पण धूर मात्र डावीकडून आणि उजवीकडून असा समसमान वाटून. एका पगारावर दोन घरं चालवण्यासारखा हा प्रकार आहे आणि तितकाच दिखाऊ. इंजिनातून निघालेले ते दोन वळणदार बेंड पाइप आणि त्यांच्यामागचे लांबलचक सायलेन्सर हेच यझदीचं सौंदर्य. बाकी सगळी पेट्रोलची टाकी.

अण्णा जिनिंग फॅक्टरीत हिशेबनीस होते. कापसाच्या गाठी मोजता मोजता त्यांना आयुष्यातली प्रत्येक गोष्ट मोजायची सवय लागली होती. आलेली पाकिटं उलटी करून ते पुन्हा वापरत. साबणाचा पापुद्रा नव्या वडीला चिकटवल्याशिवाय नव्या वडीला पाणी लागू देत नसत. आम्हां भावंडांना वर्षाला दोन पेन्सिली मिळत, आणि पहिल्या पेन्सिलीचा तुकडा दाखवल्याशिवाय दुसरी मिळत नसे. पण यझदीचं कौतुक विचारू नका. रविवारी सकाळी ओट्यासमोर गाडी उभी करून जुन्या धोतराच्या मऊ फडक्याने ते सायलेन्सर पुसत बसत. पाइप असे चमकत की आई त्यात बघून कुंकू सारखं करी. रस्त्याने जाणारा प्रत्येकजण थांबून तो एकच प्रश्न विचारी, जो खानदेशात मोटारसायकलवाल्याला त्याच्या तब्येतीच्याही आधी विचारला जातो: "किती देते?"

"पस्तीस," अण्णा म्हणत.

पस्तीस म्हणजे लिटरला पस्तीस किलोमीटर. हा आकडा मी पाढ्यांच्या आधी शिकलो.

2019 साली अण्णा गेले. गाडी दोन-तीन वर्षं पत्र्याच्या शेडमध्ये तागाच्या गोणपाटाखाली उभी होती. 2022 साली वर्तमानपत्रात नव्या यझदीची जाहिरात पाहिली आणि मला एकदम आपल्या घरात एक राजकन्या उपाशी ठेवल्यासारखं वाटलं. कागदपत्रं, विमा, पर्यावरण कर हे सगळं यथासांग करून मी गाडी बाहेर काढली. रविवारी फडकं घेऊन बसलो. पाइप पुसले आणि त्यात माझा चेहरा दिसला. थोडा आडवा दिसला, पण तो दोष पाइपाच्या गोलाईचा होता की माझ्या, हे मी तपासलं नाही.

आता मी पडलो कॉमर्सचा पदवीधर. टाकी फुल केली, आकडा लिहिला, पुन्हा फुल केली, भागाकार केला. उत्तर आलं सव्वीस. पुन्हा केलं. सव्वीस पॉइंट चार. ज्या गाडीने बापाला पस्तीस दिले तिने मुलाला सव्वीस द्यावेत हा मला सरळसरळ अपहार वाटला. आणि पेट्रोलचा भाव तर असा, की पंपावरचा पोरगा नळी लावताना माझ्या डोळ्यांत बघायचं टाळतो.

कोणीतरी जळगावातल्या एका मिस्तरीचं नाव सुचवलं. ॲव्हरेज वाढवण्यात त्याचा हात धरणारा नाही म्हणे. गेलो. त्याने कार्बोरेटर उघडला, आतली एक बारीक सुई काढली, सुईवरची क्लिप या खाचेतून त्या खाचेत घातली, हवेचा स्क्रू फिरवला, आणि हे सगळं डोळ्यांचे डॉक्टर भिंग बदलतात तितक्या वेळात उरकून म्हणाला, "जा साहेब. आता पेट्रोलपंप विसरा."

सदतीस दिले! अण्णांपेक्षा दोन जास्त. मी घरी पेढे आणले नाहीत, कारण त्यात वाचलेले पैसे गेले असते. पण बँकेत मात्र प्रत्येकाला सांगितलं. विचारलं नव्हतं त्यांना आधी सांगितलं.

आणि मग साधारण पंधरवड्याने, सकाळी गाडी बाहेर काढताना, डावा बेंड पाइप इंजिनापासून वीतभर अंतरावर पिवळसर दिसला. हळदीचा हात लागावा तसा. मी फडक्याने पुसला. हळद तिथेच. आठवड्यात तिचा चहा झाला. चहाचं पुढे वांगं झालं. आमच्या भरताचं हिरवं वांगं नव्हे हो, मुंबईकर भरताला घेतात ते जांभळं. आणि महिना भरायच्या आत वांग्याच्या कडेने असा स्वच्छ मोरपिशी निळा रंग उमटला की शेजारच्या पैठणी विकणाऱ्या काकू कुंपणाशी येऊन "हा शेड छान आहे" म्हणून गेल्या. उजवा पाइप दहा दिवस मागे होता, पण तोही त्याच वाटेने निघाला होता.

धरणगाव हे बालकवींचं जन्मगाव. 1890 साली ते इथे जन्मले आणि पुढे निसर्गातले सगळे रंग मराठी कवितेत घेऊन आले. त्याच गावात बसून मी एका बेंड पायपावरचे रंग वहीत तारखेवार टिपत होतो, हे लिहिताना मला फारसा अभिमान वाटत नाही.

पुढचे दोन महिने माझ्यावर सल्ल्यांचा वर्षाव झाला. बँकेत पैसे काढायला येणारा माणूस बाराशे रुपये काढी आणि बारा उपाय जमा करून जाई. लिंबू आणि मीठ. चिंचेचा कोळ. चुलीची राख. टूथपेस्ट. रॉकेल. पितळेची भांडी घासायची पॉलिश. मी प्रत्येक उपाय इमानेइतबारे केला. चिंचेचा प्रयोग झाल्यावर घरात चार दिवस गोडं वरण झालं आणि त्याबद्दल सौभाग्यवतींनी एक अक्षर काढलं नाही, हे जास्त वाईट. टूथपेस्टने खरं तर थोडा गुण आला. रंग बराच फिका झाला. मी आनंदाने गाडी काढून पद्मालयाच्या गणपतीला जाऊन आलो. परत येईपर्यंत निळा रंग पुन्हा हजर. जणू देवदर्शनाला तो माझ्यामागेच बसून आला होता.

सासरेबुवांनी उष्णतारोधक चंदेरी रंगाचा डबा पाठवला. लावला. पहिल्याच फेरीत त्या रंगाला फोड आले आणि दुसऱ्या फेरीत तो सापाच्या कातीसारखा निघून एरंडोल रस्त्यावर जागोजागी पडला. मग हेडकॅशियरच्या मेहुण्याने काचतंतूची पट्टी आणून दिली. शहरातली पोरं ती पायपांना गुंडाळतात म्हणे. मी दोन्ही बेंड छान गुंडाळले. निळा रंग दिसेनासा झाला, हे खरं. पण गाडी दोन्ही पाय प्लास्टरमध्ये घातल्यासारखी दिसायला लागली. पेन्शन न्यायला आलेल्या एका आजोबांनी माझ्या पायांकडे आणि गाडीकडे आळीपाळीने बघत "कुणाला लागलं?" असं विचारलं तेव्हा मी पट्टी सोडली. पहिल्या पावसाचं पाणी तोवर तिच्यात मुरलं होतं. खाली गंजाचे चार ठिपके. आजाराला औषध म्हणून दुसरा आजार विकत घेतला होता.

या भानगडीत दसरा आला. आमच्याकडे खंडेनवमीला हत्यारांची आणि दसऱ्याला वाहनांची पूजा असते. आईचं वय आता ऐंशीच्या घरात. तिला गाडीची टाकी, दिवा आणि चाक एवढ्यावर समाधान होईना. "ज्याला दुखतं त्याला आधी लावावं," म्हणून तिने तेलात कालवलेलं कुंकू बोटावर घेऊन दोन्ही बेंड पायपांवर एकेक ठसठशीत बोट उमटवलं. मी नारळ फोडून, गाडी सुरू करून, गावातून प्रदक्षिणा घालून आलो. पाइप थंड झाल्यावर पुसायला गेलो तर बोट निघेना. ते भाजून पक्कं झालं होतं. रेषासुद्धा दिसत होत्या. आधारच्या यंत्राला आईच्या ज्या रेषा कधी सापडत नाहीत त्या सायलेन्सरला एका फटक्यात सापडल्या. आई म्हणाली, "बरं झालं. आता दरवर्षी लावायला नको."

शेवटी मी विज्ञानाला शरण गेलो. हायस्कूलातले फिजिक्सचे सर आमच्या गल्लीतच राहतात. ते आले, पाइपाशी उकिडवे बसले, चष्मा वर केला आणि प्रसन्न होऊन म्हणाले, "व्वा!" रोगी पाहून डॉक्टरने व्वा म्हणावं तसं मला झालं.

सरांचं म्हणणं असं. पाइपावर निळा रंग मुळी बसलेलाच नाही. पाइप फार तापला की क्रोमचा पृष्ठभाग हवेतल्या ऑक्सिजनशी संयोग पावतो आणि वर एक पारदर्शक पापुद्रा धरतो. पापुद्र्याच्या वरच्या अंगावरून परतणारा प्रकाश आणि खालच्या अंगावरून परतणारा प्रकाश एकमेकांत मिसळतात आणि काही रंग एकमेकांना खोडतात. उरतो तो आपल्याला दिसतो. पावसाच्या डबक्यावर सांडलेल्या पेट्रोलचं इंद्रधनुष्य तेच. पापुद्रा पातळ असेल तर पिवळा, जाड होत गेला की तपकिरी, जांभळा, निळा. लोहार छिन्नीला पाणी देतो तेव्हा पोलादावर हेच रंग चढताना पाहून अंदाज घेतो. पोलाद सव्वादोनशे अंशांच्या सुमाराला गवती पिवळं दिसतं आणि तीनशेच्या आसपास निळं. क्रोमला त्याहून जास्त तापावं लागतं. "म्हणजे तुमची गाडी किती तापते बघा!" सर कौतुकाने म्हणाले. आणि बोटांचे ठसे, तेल, मेण यातलं काही पाइपावर राहिलं तर ते भाजून पक्कं होतं. नवा पाइप बसवला की पहिल्यांदा गाडी सुरू करायच्या आधी तो स्पिरिटने पुसून घ्यायचा असतो तो याचसाठी. हे त्यांनी आईच्या बोटाकडे पाहत सांगितलं, आणि आईने त्यांना चहात साखर कमी घातली.

"पण मग मी घासून घासून..."

"घासू नका!" सर ओरडलेच. पायपावर आधी निकेलचा थर असतो आणि चमकणारा क्रोमचा थर त्याच्यावर. तो इतका पातळ, की केसाच्या जाडीचे दीडशे भाग केले तर त्यातला एखादा. (आम्ही काउंटरवर ग्राहकाशी जे गोड बोलतो त्याचा थरही साधारण एवढाच.) राखेने आणि पॉलिशने मी तो थर खात चाललो होतो. काही परदेशी गाड्यांना म्हणे एकात एक असे दोन पाइप असतात. आतला भाजतो आणि बाहेरचा चमकतो. मॅनेजर आणि क्लार्क ही रचना जगात सगळीकडे आहे, हे कळून बरं वाटलं. कुणी नव्या पाइपाला आतून सिरॅमिकचा लेप देतात, म्हणजे उष्णता पत्र्याला कमी पोचते.

जाता जाता सरांनी आणखी एक माहिती दिली. क्रोमियम हा धातू 1797 साली व्होकलॅन नावाच्या फ्रेंच शास्त्रज्ञाने शोधला आणि त्याची संयुगं इतकी रंगीबेरंगी निघाली म्हणून त्याला ग्रीक भाषेतला रंगाचा शब्दच नाव म्हणून दिला. क्रोम म्हणजेच रंग. ज्याचं नावच रंग, त्याने रंग बदलला तर माझी तक्रार कुठल्या काउंटरवर घ्यायची?

मुलगा पुण्याहून सुट्टीला आला होता. त्याने सगळं ऐकून मोबाइलवर चित्रं दाखवली. मोठमोठ्या गाड्यांचे निळे-जांभळे सायलेन्सर. "बाबा, लोक पैसे देऊन असं करून घेतात. तुमचं फुकटात झालंय." या पिढीशी वाद घालण्यात अर्थ नाही. ते फाटक्या पँटीसुद्धा विकत घेतात.

तरी मी विज्ञानावर विश्वास ठेवून घासणं बंद केलं असतं आणि निळ्या सायलेन्सरांचा मालक म्हणून उरलेलं आयुष्य काढलं असतं. पण भाच्याचं लग्न निघालं. मे महिना, भर दुपारची वरात, आणि नवरदेवाला हट्ट की घोडा नको, मामाची यझदी हवी. मंगल कार्यालय अर्ध्या किलोमीटरवर. ते अंतर कापायला बँडने दीड तास घेतला. पुढे पोरं नाचत होती, मध्ये मी गाडी पहिल्या गिअरमध्ये मुंगीच्या पावलाने चालवत होतो, मागे फेटा सावरत नवरदेव. हवेवर थंड होणारं इंजिन. तिला वारा लागेल तर थंड होणार, आणि दीड तासात तिला वारा लागला तो फक्त ट्रंपेटवाल्याचा. कार्यालयाच्या दारात गाडी आचका देऊन बंद पडली. दोन्ही पाइप इंजिनापासून पार खालपर्यंत जांभळे. अक्षता पडल्या, आणि मी मात्र मांडवाबाहेर पाइपांवर वर्तमानपत्राने वारा घालत होतो.

तिथे मिस्तरीचाचा भेटले. वरपक्षाकडून जेवायला आले होते. वय पंचाहत्तरीपुढचं, बसस्टँडामागचं त्यांचं गॅरेज आता नातू चालवतो. अण्णांची गाडी आयुष्यभर त्यांच्याच हाताखाली होती. मी त्यांना टाळून जळगावला गेलो होतो, त्यामुळे मी आधी पाइप लपवायचा प्रयत्न केला. दोन सायलेन्सर एका वर्तमानपत्रामागे लपत नाहीत.

"काय करून ठेवलं भो हे?" ते म्हणाले. हातातला जिलबीचा द्रोण मला धरायला देऊन त्यांनी नातवाकडून पाना मागवला आणि मांडवाच्या दारातच प्लग काढला. प्लगचं टोक त्यांनी असं निरखलं, जसा ज्योतिषी हात बघतो. "चहाच्या रंगाचा पाहिजे. काळा असला त पेट्रोल जास्त. हा पाहा, पांढराफट. पेट्रोल कमी अन् हवा जास्त जाऊन राह्यली. आत नुसती भट्टी पेटली आहे. निळं नही होणार त काय होईन?" मग डाव्या पाइपाच्या तोंडाशी बोट फिरवलं, बोट काळं झालं. "अन् इथलं गॅस्केट गेलं आहे. गरम धुराला इथं बाहेरची हवा भेटते, उरलंसुरलं पेट्रोल पाइपातच जळतं. म्हणून डावा आधी निळा. अन् तू वरून लिंबू घासतो? ताप चढल्यावर थर्मामीटर घासून ताप उतरतो का भो?"

मी म्हटलं, "पण चाचा, सदतीस देते."

चाचांनी प्लग पुसला. "अजून महिनाभर चालवली असती त पिस्टन चिकटला असता. मग शून्य देते." आणि मग जिलबी परत घेत, सहज बोलल्यासारखं: "तुझ्या अण्णाची सुई कायम शेवटच्या खाचेत. मी दर सर्व्हिसिंगला मधल्या खाचेत घालू, ते उभं राहून परत खाली करायला लावू. म्हणू, पेट्रोल जाऊ दे."

हे वाक्य मला पचेना. अण्णा आणि पेट्रोल जाऊ दे? साबणाचा पापुद्रा न सोडणारा माणूस? घरी येऊन मी माळ्यावरची ट्रंक काढली. अण्णांच्या हिशेबाच्या वह्या वर्षवार बांधलेल्या होत्या. पेट्रोलचा रकाना सापडायला वेळ लागला नाही. तारीख, लिटर, किलोमीटर, भागाकार. 1983 आणि 84मध्ये सगळीकडे 32. कधी साडेबत्तीस. मग फेब्रुवारी 1985: "सुई एक खाच उतरवून घेतली. ॲव्हरेज 38!" त्या सबंध ट्रंकेतलं हे एकच उद्गारचिन्ह. मुलाच्या जन्माच्या नोंदीपुढेसुद्धा, म्हणजे माझ्या, साधा पूर्णविराम आहे.

मार्च 1985: "पाइप निळसर. लिंबं 2." मी तिथेच हसलो. एप्रिल: "चिंच अर्धा पाव (घरातली)."

मग मे. "चि.ला ताप. जळगावास डॉक्टरांकडे नेताना पाळधीअलीकडे गाडी जाम. ही सोबत. केळीच्या ट्रकने जळगाव. ट्रकवाल्यास 5 रु. (घेत नव्हता)." त्याखाली डॉक्टर, औषध, मोसंबी. पुढच्या आठवड्यात पिस्टन आणि रिबोअर, आणि त्याखाली: "सुई शेवटच्या खाचेत घातली. पेट्रोल जास्त जाईल. जाऊ दे."

आई ओट्यावर शेंगा निवडत होती. मी वही घेऊन तिच्याजवळ बसलो आणि विचारलं. तिला तो दिवस आठवत होता. दुपारचे दोन, रस्त्यावर चिटपाखरू नाही, आणि मी चार वर्षांचा, तिच्या खांद्यावर भट्टीसारखा तापलेला. गाडीचं चाक फिरेना. अण्णा किक मारत होते, दांडी हलेना. "पदर ओला करायला पाणीसुद्धा नव्हतं," आई म्हणाली. "ते तुझ्याकडे बघत नव्हते. त्या पाइपाकडेच बघत होते. मग त्यांनी तिथे हात लावला. उलटा तळहात. तुझ्या कपाळाला लावत होते ना, तसा. चांगला भाजला. ट्रकमध्ये बसल्यावर मला दिसलं." मग शेंगांकडे पाहत तिने पुढे सांगितलं, "नंतर कधी बोलले नाहीत त्यावर. तू पण नको विचारत बसू. केळी मात्र खूप होती ट्रकमध्ये. तू एकही खाल्लं नाहीस."

पुढच्या सगळ्या वह्या मी पाहिल्या. जून 1985पासून शेवटपर्यंत: 26, 26, साडेसव्वीस, 26. चौतीस वर्षं. जास्त गेलेल्या पेट्रोलचा हिशेब मांडायला घेतला होता, कारण हाताला सवय आहे. पण दुसऱ्या पानावर सोडून दिला. "पस्तीस देते" हे मात्र ते शेवटपर्यंत सांगत राहिले. तो आकडा कुठून आला याचाही मी छडा लावला. 32 आणि 38 यांची बेरीज भागिले दोन. सरासरीच ती. हिशेबनिसाने खोटं म्हणून काही सांगितलेलं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी गाडी मिस्तरीचाचांच्या गॅरेजमध्ये ढकलत नेली. नातवाने काम केलं, चाचा स्टुलावर बसून बघत होते. डाव्या बेंडाला नवं गॅस्केट पडलं, गोल नट आवळला, प्लगच्या पॉइंटांची फट तपासली, लिटरला चाळीस मिली ऑइल मोजून घातलं. नातवाने सुई मधल्या खाचेत बसवली. पुस्तकात तसंच आहे, तो म्हणाला, आणि ते बरोबरच होतं. मी म्हटलं, शेवटच्या खाचेत घाल. तो म्हणाला, काका, धूर जास्त होईल, प्लग काळा पडेल, सव्वीस-सत्तावीसच देईल. मी चाचांकडे पाहिलं. ते रस्त्याकडे बघत होते. मी म्हटलं, जाऊ दे.

पुढे मऊ फडक्याने आणि अगदी थोड्या पॉलिशने, सरांच्या देखरेखीखाली, एकदाच दोन्ही पाइप साफ केले. निळा बराचसा गेला आणि परत आला नाही. डाव्या बेंडावर फिकट पिवळी झाक राहिली आहे. आणि दोन्ही बाजूंना आईचं एकेक बोट. तिथे फडकं मी जपून फिरवतो.

परवा ग्रामीण रुग्णालयाच्या फाटकाशी गाडी उभी होती. शाखेतला तो नवा मुलगा आला. गाडीभोवती एक फेरी मारली, पायपात आपले केस सारखे केले आणि त्याने विचारलं,

"भारी आहे सर. किती देते?"

मागून अजून थोडा धूर निघत होता. मी त्याच्या आणि धुराच्या मध्ये उभा राहिलो.

"पस्तीस," मी म्हणालो.